चालेल ना?

सिन्नरच्या कारखान्यात आम्ही उपग्रहाचे सुटे भाग बनवायचो. त्यांतल्या बारीक भेगा शोधणं हे माझं काम. २००३ साली एकही भेग सापडली नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, यापुढे दहातला एकच भाग तपासू. धोका किती वाढेल, तेवढं काढून द्या."

मी काढून दिलं. धोका अगदी थोडा वाढत होता.

"म्हणजे चालेल ना?"

माझ्या नवऱ्याचे, शेखरचे रिपोर्ट सलग चांगले आले, तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते, दर महिन्याला कशाला, आता वर्षाने या, चालेल. वर्ष भरायच्या आत शेखर गेला. डॉक्टर चुकले नव्हते. तिथेही धोका थोडाच होता.

"कुणाला?" मी विचारलं.

साहेबांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं.