दंडातून पाणी

पार्वताबाईच्या घरात एक कायदा होता आणि तो सरकारी कायद्यापेक्षा कडक पाळला जाई. कळा देणाऱ्या बाईला पाणी द्यायचं नाही. पाणी पोटात गेलं की कळा विझतात, असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. खरं-खोटं कोणी पडताळून पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? त्यासाठी लागणारं पाणी कोणाला मिळालंच नव्हतं!

तिची लेक जमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी दर्यापुरास आली आणि ऐन वैशाखात तिला कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. पोरगी "माय, पाणी" म्हणे आणि माय तिच्या ओठांना तूप लावी. तिसऱ्या दिवशी सुईण तानुबाईनं हात टेकले. "माह्या हातचं नाई राह्यलं आता. अमरावतीले न्या," ती म्हणाली. जमुनाच्या बापानं, खुशालरावांनी, पोरीला सर्व्हिस मोटारीत आडवं घातलं आणि दुपारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीण शैलाबाई तिशीच्या आतबाहेरची. तिनं जमुनाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"पोरगी पार कोरडी पडली आहे. नाडी नीट लागत नाही. आधी पाणी चढवते. ते चढलं नाही तर आई नि मूल दोघंही हातची जातील."

काचेची बाटली टांगली गेली. पार्वताबाई मध्येच उभी ठाकली.

"पाणी? अवो डाक्टरीणबाई, कळा इझतीन ना!"

"तोंडानं नाही देत, बाई. दंडातून देते, मिठाचं पाणी."

सासूच्या कायद्यात दंडाचं कलम नव्हतं. मग पार्वताबाईनं बाटलीला हात लावून पाणी गार नाही ना, याची खात्री करून घेतली.

"आन् याच्यात मीठ काहून टाकलं?"

"तुम्ही वरणात काहून टाकता?" शैलाबाईनं तिच्याच बोलीत विचारलं.

तीस वर्षांच्या संसारात बायकोला शेरास सव्वाशेर भेटलेला खुशालरावांनी प्रथमच पाहिला. पोरीच्या काळजीनं जीव अर्धा झाला होता, तरी ते मिशीतल्या मिशीत हसले.

पण स्वस्थ बसेल ती पार्वताबाई कसली! ओसरीत येऊन तिनं अंबादेवीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. "अंबामाय, माही पोर मोकळी होऊ दे. तुह्या पायरीवर नारळ फोडीन, तवर पान्याचा थेंब घेनार नाई." पोरीला पाणी चढतंय, तर कोणीतरी कोरडं राहायलाच हवं, हा तिचा न्याय. खुशालरावांनी समजूत घालून पाहिली. पण नवऱ्याच्या सांगण्यावरून नवस मागे घेणाऱ्या बायका वेगळ्या.

संध्याकाळपर्यंत नवस थाटात चालला. सकाळी मात्र तिची जीभ टाळूला चिकटली. ओसरीतच माठ होता. कोणाची तरी सासू आली, तांब्याभर पाणी गटागटा प्यायली आणि "हाश्श" म्हणाली. पार्वताबाईला तो तांब्या हिसकून घ्यावासा वाटला. तिला एकदम जमुनाचे ओठ आठवले. आपल्याला अजून एक दिवसही पुरा झाला नाही. पोरीनं दोन दिवस काढले, वर कळा सोसल्या, आणि प्रत्येक वेळी पाणी मागितलं ते आपल्याकडे. आपण तिला तूप लावत बसलो. पार्वताबाई भिंतीला टेकून रडू लागली. डोळ्यांतही फारसं पाणी उरलं नव्हतं.

आत, विझायच्या त्या कळा चांगल्याच पेटल्या होत्या. दहाच्या सुमारास जमुनाची आरोळी ऐकू आली आणि मागोमाग दुसरी, बारीक, रागावलेली. मुलगी झाली.

पार्वताबाई आत गेली तेव्हा शैलाबाईनं जमुनाच्या हाती पाण्याचा पेला दिला होता. जमुनानं तो तोंडाशी नेला, मायकडे पाहिलं आणि खाली घेतला.

"माय, तुह्या ओठाले काय झालं?"

"काई नाई. नवस आहे माहा. मंदिरात नारळ फोडला का मंग पेईन. तू पे."

"मंग मीबी तवाच पेईन," म्हणून जमुनानं पेला खाली ठेवला.

"जिद्द कोनावर गेली, काई समजत नाई," खुशालराव छताकडे बघत म्हणाले.

पार्वताबाईनं पेल्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग पेला उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अंबामायले मी सांगीन समजावून. तिलेबी लेकरं आहेत."

तिनं जमुनाच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या ओठांना लावला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"चुकलं माहं," ती म्हणाली. "पे, माय. दोन दिवसांचं पे."