दुधाचा दात

शर्टाच्या बटणापेक्षाही लहान... शिलाई मशीनच्या फळीवर, खडूच्या तुकड्याशेजारी तो दात पडला होता, मुळाशी रक्ताचा सुकलेला ठिपका. थोरलीचा पहिलाच. पडला तेव्हा पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं आणि आता त्याच्यासाठीच ती दारात अडून उभी होती.

"आई, दे ना गं! शाळेत दात दिला की बिल्ला मिळतो."

"उद्या देते. पळ आता."

थोरली फुरंगटून गेली. उद्या, उद्या... आठवडाभर हेच चाललंय. शाळेत येणाऱ्या दातांच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या आयांना बसवून सांगितलं होतं – लांब कुठे वाळवंटात, समुद्रात अणुबॉम्ब फोडून बघतात, त्याची धूळ वाऱ्यावर इथवर येते, पावसाबरोबर गवतावर पडते, ते गवत गाय खाते आणि दुधातून ती मुलांच्या हाडांत, दातांत जाऊन बसते. किती बसली ते दात तपासला की कळतं. फोडून बघतात म्हणे! लढाई केव्हाच संपली, दोन शहरं माणसांसकट जाळून झाली, तरी मेल्यांची हौस फिटत नाही. मग बाईंनी एकेकीला विचारलं, "बाळ अंगावर प्यायचं की वरचं दूध?"

"अंगावर," ती केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती!

"म्हणजे तुमच्या पोटात गेलं तेच तिच्या दातात," बाई सहज बोलून गेल्या.

तेच. सासूबाई दुधाचे पेल्यावर पेले भरून द्यायच्या, पी, पोरीची हाडं मजबूत होतील – आणि मी शहाण्यासारखी प्यायले, नाक दाबून, साय म्हणून सोडली नाही.

नवरा म्हणतो, "अगं, कुठे ते बॉम्ब, कुठे आपण! देऊन टाक, नाहीतर फेकून दे. डोक्याला ताप नुसता." दिला की कळणार. कळून करायचं काय? थोरलीच्या हाडांतून ते उपसून तर काढता येणार नाही... आणि धाकटा? तो तर अजून अंगावरच पितोय.

तिने गिऱ्हाइकाचा शर्ट पुढे ओढला. कॉलर वाकडी गेली. उसवली, पुन्हा वाकडी.

आतल्या खोलीत धाकटा उठला. आधी कुरकुर, मग टाहो. आज वरचं द्यावं का? पण तेही त्याच गवताचं, त्याच पावसाचं... त्याचा आवाज चढत गेला आणि तिला न विचारताच पान्हा फुटला, अंगावरचे कपडे ओले झाले. बाई गं. एरवी या ओलाव्याने जीव कसा निवायचा! आज तिला त्याची भीती वाटली. दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून ती पाळण्यापाशी उभी राहिली – थांब, अरे थांब जरा – आणि दूध थांबत नव्हतं.