बुटांच्या दुकानातला विसरभोळा

मित्रांनो, बुटांच्या दुकानात गल्ल्याखाली जो काळा खोका घरघरत बसलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. तरुणपणी माझा पंखा असा फिरायचा, की समोरच्या धोब्याचे कपडे त्याच्या वाऱ्यावर वाळायचे. खोटं वाटत असेल तर धोब्याला विचारा. तो नाही म्हणेल, पण त्याला माझे उपकार मानायचे नाहीत, एवढंच.

आधी मी एका मोठ्या कचेरीत होतो. तिथे माझ्याहून सडपातळ मशीन आलं आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला उचललं एका भाचीनं. तिचे मामा बूट शिवायचे, पण साधेसुधे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, अशांसाठी ते मापानं बूट बनवायचे. दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाला "पाय असा का?" म्हणून विचारायचं नाही. "जन्मभर लोक तेच विचारतात त्यांना. निदान इथं तरी नको," मामा म्हणायचे.

लांबच्या लोकांना घरबसल्या मापं पाठवता यावीत म्हणून भाचीनं दुकानाची वेबसाइट बनवली. ती चालवायचं काम माझ्याकडे. पहिल्या पानावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा, तिसऱ्यावर रंग, शेवटी पत्ता.

आता माझं दुखणं सांगतो. मी जन्मजात विसरभोळा. एक पान हातात दिलं की मागणारा कोण होता, ते मी साफ विसरतो. तोच माणूस पुढचं पान मागायला आला तरी मी आपला, "या, कोण आपण?" आमचं सगळं खानदानच असं.

भाचीला हे ठाऊक होतं. तिनं माझ्या पोटात एक फळी ठोकून दिली. एका पानावरचं माप फळीवर ठेवायचं, पुढच्या पानाला तिथून उचलायचं. तिनं एकटीनं बसून पुन्हापुन्हा करून पाहिलं. सगळं झकास! मामांनी माझी पाठ थोपटली. "शहाणा आहे गं तुझा खोका!" मी असा फुगलो, की गल्ला वीतभर वर उचलला गेला.

मग एका दुपारी एका मुलीचे बाबा तिची मापं भरायला बसले. तिचा उजवा पाय जरासा आखूड. शाळेच्या नाटकात तिला दरवर्षी झाड करायचे, कारण झाडाला चालावं लागत नाही. यंदा मात्र ती राणी होती. तिला रंगमंचावरून चालत जायला लाल बूट हवे होते, उजव्याचा तळ जाड.

नेमका त्याच वेळी एका बँकेचा उंचापुरा पहारेकरीही मापं भरत होता. त्याचे पाय कसले, होड्याच! मुलीचं डावं माप फळीवर ठेवलं, तोच पहारेकऱ्याचं त्याच्यावर येऊन बसलं. उजव्याच्या वेळी त्याचं आधी आलं आणि तिचं वर बसलं. रंगाचंही तेच. शेवटी दोघांच्याही नावावर फळीवरचं तेच सामान गेलं. डावा बूट होडीएवढा, उजवा चिमुकला, आणि दोन्ही लालचुटुक.

दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं. मामांनी विचारलं नाही. ती रीतच नव्हती. "एकाच घरातले दिसतात, पायांची ठेवण सारखी," असं म्हणून त्यांनी मन लावून दोन्ही जोड शिवले.

काही दिवसांनी पहारेकरी दारात उभा. चिमुकला लाल बूट हाताच्या अंगठ्यात अडकवलेला. "मामा, हा इथंही घट्ट होतोय! आणि लाल बूट घालून बँकेच्या दारात उभा राहिलो तर चोर हसून हसून मरतील."

"मग तुमचं काम सोपंच झालं की," मामा म्हणाले, पण चेहरा उतरला होता. तेवढ्यात मुलीच्या बाबांचा फोन आला. नाटक परवावर आलेलं. फोनमध्ये त्यांच्या मागून एक बारीक आवाज आला, "राहू द्या ना बाबा. मी झाडच होते."

मामांनी फोन ठेवला. मग मामा माझ्यावर उखडले. "भंगारात घाल तो खोका!"

"मामा, त्याच्यावर कशाला डाफरतोस? फळी मी ठोकली. दोघं एकदम आले तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

पहारेकऱ्यानं स्टूल ओढलं. "माझं राहू दे. आधी पोरीचा डावा शिवा."

भाचीनं फळी उखडली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी, अशा थैल्या शिवल्या. आता येणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच्या थैलीचा आकडा लिहिलेला एक बिल्ला देतो. पुढचं पान मागताना त्याचा संगणक तो गुपचूप दाखवतो. मग माणूस आठवो न आठवो, मी बिल्ल्यावरच्या आकड्याची थैली बरोबर काढतो. शेवटी एक नवं पानही आलं, "ही मापं बरोबर आहेत ना?" "पाय असा का?" मात्र अजूनही कुणी विचारत नाही.

पहिला बिल्ला त्या मुलीच्या बाबांनाच मिळाला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बूट न्यायला आली. दारातून गल्ल्यापर्यंत चालली. टक, टक, टक, टक. दोन्ही पावलांचा आवाज अगदी सारखा. मग मान ताठ करून म्हणाली, "आमचा रथ कुठे आहे?"

"दुरुस्तीला गेलाय, महाराणी. सायकल चालेल?" मामा म्हणाले आणि नाक पुसायला आत गेले.

ते दोन होडीएवढे लाल बूट अजून दुकानात आहेत. एकात मामांचे खिळे असतात, दुसऱ्यात मांजर झोपतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि तुमच्या घरात कुणी विसरभोळं असेल तर त्यांच्यावर खेकसू नका. मागचं बोलणं कुठवर आलं होतं, त्याची छोटीशी खूण हातात द्या. पुढचं ते बरोबर करतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढा विसरभोळा, मग ही गोष्ट कशी आठवते? नियम असा, की गिऱ्हाईक बराच वेळ परतलं नाही की त्याची थैली झटकून टाकायची. भाची कधीकधी माझ्यात डोकावून म्हणते, "ही पहिली थैली रिकामी का होत नाही रे?"

मी पंखा जोरात फिरवतो. म्हातारपणी ऐकू जरा कमीच येतं.