उपवास नव्हे, आजार

औषधाच्या गोळ्या पाकिटबंद करणारी यंत्रं जोडायची आणि चालू करून द्यायची, हे तिचं काम. हातात सतत पाना असायचा म्हणून कारखान्यात सगळे तिला पानाताई म्हणत. हात पक्का होता, पण पोटाने सहा वर्षं वैर धरलं होतं. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे चिडक्या आतड्यांचा आजार, असं नाव सांगितलं. सगळ्या तपासण्या स्वच्छ. पण कांदा, लसूण, गहू, दूध यांतलं काही पोटात गेलं की कळा आणि धावाधाव. वर्षभर वहीत लिहून लिहून तिने स्वतःपुरतं शोधलं होतं की भात, अंडी आणि गाजर निभावतात.

गेल्या खेपेला यंत्र जोडायला परदेशात गेली असताना भिडेपोटी तिने पानात पडेल ते खाल्लं आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या न्हाणीघरात काढले. तिने जोडलेलं यंत्र दुसऱ्यानेच चालू केलं. ते तिच्या मनाला फार लागलं. या खेपेला निघताना आईने सुचवलं, पोटाचं चारचौघांत काढू नकोस, उपवास आहे म्हण. ती बॅग भरत राहिली.

हॉटेलच्या खोलीत कुकर लावायला मनाई होती. मग तिने बरोबरच्या दुभाषी मुलीला घेतलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. आचाऱ्याने हात उडवले. त्याच्या प्रत्येक रश्शात कांदा होता. तिला रस्सा नकोच होता. वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात भात, गाजर आणि दोन अंडी, एवढंच तिने मागितलं. रोज सकाळी डबा तयार मिळू लागला.

तिसऱ्या दिवशी यंत्र घेणाऱ्या तिथल्या कारखान्याच्या मालकांनी जेवण दिलं. लांबलचक टेबल, बारा माणसं, प्रत्येक ताटात दाट रस्सा. पानाताईने डबा उघडला. शेजारी बसलेले, कंपनीतून बरोबर आलेले तिचे साहेब डबा आत ठेवा म्हणून पुटपुटले. तेवढ्यात मालकांनी विचारलं, आमच्या जेवणात काही कमी आहे का?

"उपवास आहे म्हणून सांगा," साहेब दुभाषी मुलीला म्हणाले.

"थांब," पानाताई म्हणाली. "उपवास नाही. मला आतड्यांचा आजार आहे. हे जेवले तर तासातासाला संडासात पळावं लागेल, आणि परवा मला यंत्रापाशी उभं राहायचंय."

मुलगी घुटमळली. "ताई, संडासाचं पण सांगू?"

"ते आधी सांग."

मुलीने सांगितलं. दोघातिघांनी मान खाली घातली. मालकांनी हातातला चमचा ठेवला, आणखी भात लागेल का असं विचारलं आणि पुन्हा यंत्राला लागणाऱ्या हवेच्या दाबाचा विषय काढला. अपमान झाला तो फक्त साहेबांचा. परतताना गाडीत ते म्हणाले की तुम्ही कंपनीची शोभा केलीत, मी हे अहवालात लिहिणार.

"लिहा," ती म्हणाली. "फक्त उपवास लिहू नका."

चाचणीच्या दिवशी पाकिटांच्या कडा चिकटेनात. कडा तापवून दाबणारा रूळ एका बाजूला थंड पडत होता. सकाळी सातपासून ती त्याच्याशी झटत होती. दुपारी पोटात कळ उठलीच; पथ्य पाळलं तरी कधी कधी उठायची. तिने पाना खाली ठेवला, दहा मिनिटांत येते म्हणाली आणि सगळ्यांदेखत गेली. परत आली ती बाराव्या मिनिटाला. संध्याकाळी रूळ दोन्ही बाजूंनी सारखा तापू लागला, तेव्हा मालकांनी एक पाकीट दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते उघडलं नाही. यंत्र नीट चालत असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

परत आल्यावर साहेबांनी शब्द पाळला, अहवालात लिहिलं. व्यवस्थापकांनी तिला बोलावलं आणि फार गोड शब्दांत म्हणाले की परदेशी कामांना जरा धडधाकट पोटाचा माणूस बरा. तिने सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"पाठवा ना," ती म्हणाली. "त्याला रूळ तापवता येतो का, तेवढं आधी विचारा."

दोन महिन्यांनी पुढच्या कामाच्या यादीत तिचं नाव आलं. तिने शेगडी असलेली खोली लेखी मागितली. कारकून संकोचून म्हणाला, कारणाच्या रकान्यात वैयक्तिक असं टाकू का? पानाताई खुर्ची ओढून समोर बसली. आजाराचं पूर्ण नाव तिने अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, आणि त्याने ते नीट लिहिलेलं पाहिल्यावरच उठली.