तानुमावशीची पकड

सातवीत असताना मी अख्ख्या धामणगाव बढ्यातली सगळ्यात डेंजर मुलगी होते. हे माझंच मत होतं, पण ते मला तंतोतंत पटलेलं होतं.

कारण कराटे! विहाराच्या बाजूच्या अंगणात सकाळी साडेपाचला धम्मरत्न सरांचा क्लास असायचा. सरांचं बसस्टँडजवळ मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी दिवसभर उघडायच्या, नवी तार भरायची. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्याशुभ्र ड्रेसलासुद्धा व्हार्निशचा वास यायचा. आता मी दहावीत आहे, सर दोन वर्षांपासून जळगावला नोकरीला आहेत, पण कुठे तो वास आला की माझे पाय आपोआप फाकतात आणि मुठी आवळतात. भर बाजारात एकदा झालं तसं. आई म्हणाली, "काऊन वं, कोनाले मारतं?"

त्या वर्षीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी आणि पायलनं डेमो दिला. पायल माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनं माझं मनगट धरायचं, मी झटक्यात सोडवायचं, गर्रकन वळून तिला आडवं करायचं. पायल काय सुंदर पडायची! आधी हवेत उडायची, मग धप्प, मग एक बारीकसं "आई गं." लोकांनी शिट्ट्या मारल्या. ग्रीन बेल्टची परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि माझा बेल्ट पाकिटासकट सरांच्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये येऊन पडलेला होता. मी रोज शाळेतून येताना तो बघून यायचे. बाबांनी तर रोहिणखेडच्या आत्यालाही फोनवर सांगून टाकलं होतं.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तानुमावशी क्लासवर आली. तिचं घर विहाराच्या मागेच, दारात सहा म्हशी. दुधाची कॅन खाली ठेवून म्हणाली, "धम्मा, काल तुह्या या समतानं त्या पायलले काय आपटलं रे! मले पाहू दे बरं जवळून." सरांना सर न म्हणणारी गावात ती एकटीच, लहानपणी त्यांना तिनं वाटीभर खरवस देऊन देऊन मोठं केलं होतं म्हणे.

मी पुढे झाले. "धरा मावशी. जोरात धरा!"

जोरात धरा असं मीच म्हणाले. मीच!

मावशीनं धरलं. मी झटका दिला. मग वळले. मग दुसऱ्या बाजूनं वळले. हात जिथे होता तिथेच. सकाळ-संध्याकाळ सहा म्हशींची धार, तीस वर्षं. खुंट्याला बांधल्यासारखी मी तिच्याभोवती फिरत राहिले.

"कर ना वं सुरू," मावशी म्हणाली.

माझं सुरू होऊन संपलंसुद्धा होतं.

"ए डेंजर, काय झालं बे?" क्लासमधला शिवम मागून ओरडला आणि सगळे हसले. पायल तेवढी हसली नाही. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तेव्हा मला कळलं. ती दर वेळी सोडत होती. मैत्रीण म्हणून, इतके दिवस.

"सर, मावशी चुकीचं धरून राह्यल्या!" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"चुकीचं? रस्त्यात धरणारा तुले विचारून धरन का?" सर म्हणाले. मग त्यांनी बाही वर केली आणि स्वतःचा हात पुढे केला. "मावशी, माहा धर."

आम्हाला शिकवलं होतं तसंच्या तसं त्यांनी केलं. एकदा केलं, दोनदा केलं. मनगट लाल झालं. लाथ मारली असती तर सुटले असते, ते आम्हालाही दिसत होतं. पण त्यांनी तसं केलं नाही. ते आमच्याकडे वळले, हात अजून मावशीच्या हातातच.

"पाह्यलं? मी तुम्हाले शिकवलं ते इथं चाललं नाही. समताची चूक नाही, माही चूक आहे. टेबलावर तं सगळ्याच मोटारी फिरतात पोट्टेहो. पाणी येते का नाही, ते विहिरीत सोडल्यावर कळते."

मावशीच बिचारी ओशाळली. "मी कायले आली वं माय इथं," असं पुटपुटत तिनं कॅन उचलली.

गावात मात्र बोंब झाली. कराटेवाल्या सरांना बाईनं धरून ठेवलं! पुढच्या आठवड्यात चोवीसातली तेरा पोरं येईनाशी झाली. आणि सरांनी माझी परीक्षाच बदलली. मावशीचा हात सुटेल तेव्हा बेल्ट.

"सर, पायलवर घ्या ना," मी म्हणाले.

"पायल तुले सोडते."

"बेल्ट आलेला आहे सर! आत्याले पण सांगतलं!"

"मंग आत्याच्या हातावर घेऊ का?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते ढिम्म.

मग दर रविवारी मावशी यायची. सर आधी स्वतःच तिच्याकडून सोडवून घ्यायला शिकले, मग आम्हाला शिकवायचे. मागे ओढायचं नाही, उलट तिच्या अंगावर जायचं. अंगठ्याच्या बाजूनं जोर लावायचा. तिच्या पायावर पाय. पोटातून आरोळी. आणि सुटलं की पळायचं. यात दिसायला सुंदर काहीच नव्हतं. चौथ्या रविवारी माझा हात खरंच सुटला! मी आनंदानं पवित्रा घेऊन उभी राहिले, टाळ्यांची वाट बघत. मावशीनं शांतपणे दुसरा हात धरला.

"थांबली काऊन? मी काय गावाले गेली का?"

पाचव्या रविवारी मी थांबले नाही. सुटले ती विहार, शाळा, पिठाची गिरणी मागे टाकत थेट सरांच्या बंद दुकानाच्या शटरला जाऊन आदळले. सर मागून मोटारसायकलवर आले. काही न बोलता शटर वर केलं, ड्रॉवर उघडला, पाकीट माझ्या हातात दिलं.

काय आनंद व्हायला हवा होता! पण पाकीट हातात आलं आणि मला पायल आठवली. पायलही इतके दिवस सोडतच होती ना? मी पाकीट न फोडता उलट पावली निघाले. मावशी गोठ्यात होती.

"मावशी, खरं सांगा. आज तुम्ही सैल धरलं होतं का?"

तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा टमाट्यासारखा सुजला होता.

"सैल म्हनते! संध्याकाळची धार आता तुह्या बापानं काढावी का? बस इथं, वासरू धर."

त्या संध्याकाळी मी मावशीची वासरं धरली. बेल्ट कमरेला होता. एका वासरानं त्याच्या टोकाचा चावून चोथा केला, ते टोक अजून तसंच आहे.

सर जळगावला गेले, त्यांच्या दुकानात आता मोबाईलवाला बसतो. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, पडलं की मातीपेक्षा जास्त लागतं. पण रविवारी क्लास होतो. मी घेते! अकरा मुली. सर गेले तेव्हा मावशीच घरी येऊन म्हणाली होती, "काऊन वं, रविवार बंद का आता?"

गेल्या रविवारी महामाया, वय वर्षं नऊ, मावशीच्या हातून सुटली आणि गिरणीपर्यंत पळाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती धापा टाकत परत आली, मी पुढे केलेल्या बेल्टकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मावशीपुढे उभी राहिली.

"आजी, सैल तं नाही ना धरलं?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. एवढीशी पोर, अंगठ्याएवढं मनगट. मला सरांचा तो लाल झालेला हात आठवला. खरं सांगा म्हणून मी मान डोलावली.

"हाव," मावशी म्हणाली. "थोडंसं."

महामायानं नाक पुसलं, आणि हात पुन्हा पुढे केला.

"मंग धरा आता."