डबल बेल

जिल्ह्यात एकूण नऊ उद्यानं आहेत. थंडी सरून झाडांना पालवी फुटल्यापासून मी ह्यांना घेऊन त्यातली आठ पालथी घातली. पालथी कसली, फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत! तिथे आमची स्वारी बसली की बसली. मग मी बाकाभोवती फेऱ्या मारायची. मला मुळी एका जागी बसवत नाही. शिलाई मशीनवरसुद्धा पाय चालू असतो, म्हणून तिथे टिकते.

ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "रोज चाला. असेच खुर्चीत बसून राहिलात, तर हृदय आणखी दुबळं होईल. मग मला दोष देऊ नका."

घरी येऊन मी उद्यानांचा नकाशा भिंतीला चिकटवला. ह्यांनी खुर्ची फिरवून नकाशाकडे पाठ केली. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, आणि चार पावलं टाकायची म्हटलं की घाम फुटतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटायची.

नववं उद्यान तळ्याचं. होड्या नुकत्याच रंगवून पाण्यात सोडलेल्या, पोरं बदकांच्या मागे, आणि हे पहिल्या बाकावर. पण त्या दिवशी मी तयारीने गेले होते. येताना सायकलच्या दुकानातून घंटी आणली होती. कंडक्टरने डबल बेल दिली की ह्यांचा पाय आपोआप हलायचा. म्हटलं, आता बघतेच कसे उठत नाहीत ते.

टिंग टिंग.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"ती पिशवीत टाक आधी."

टाकली. तेव्हा म्हणाले, "झटका आला त्या दिवशी स्टॉपवर माणसं चढली, डबल बेल झाली, आणि मला पायच उचलता येईना. कंडक्टरने परत दिली. परत दिली. मागे लोक ओरडायला लागले. दुखलं त्याचं काही नाही गं. पण ती बेल अजून कानात वाजते. उठायला गेलो की वाजते."

पाच महिने एका घरात राहून मला याचा पत्ता नाही. आणि मी शहाणी घंटी घेऊन आले! मेल्याहून मेल्यासारखं झालं. घंटी काढली आणि तळ्यात भिरकावायला निघाले, तोच ह्यांनी हात धरला.

"दे इकडे." त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "आज तू चालव. मी कंडक्टर. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. आणि मागे वळून बघायचं नाही. ड्रायव्हरने रस्ता बघायचा."

"मला साधी सायकल येत नाही!"

"मग सावकाश घे."

टिंग टिंग. मी निघाले. मागे ह्यांच्या चपला वाजत होत्या. दुसऱ्या बाकाशी एक टिंग, मी उभी. मग दोन, मी चालू. येणारेजाणारे बघत होते, बघोत बापडे. पळत सुटावंसं वाटत होतं आणि पाय ओढत चालावं लागत होतं, ही माझी खरी शिक्षा.

तळ्याच्या पार पलीकडच्या वळणावर एक टिंग झाली. थांबले. इथून फाटक दोन्ही बाजूंनी सारखंच लांब होतं.

निघायच्या दोन काही येईनात. चपला वाजेनात. मी समोरच्या होडीवरचा नंबर वाचला, परत वाचला. हे पडले तर आवाज येईल ना? की माणूस आवाज न करताच जातो? मान वळायला लागली. पण वळून बघितलं असतं, तर ते परत बाकावर बसले असते, कायमचे. मी मुठी आवळून रस्त्याकडे बघत राहिले.

टिंग.

एकच.

टिंग.

मी बाहीने नाक पुसलं आणि गाडी काढली.