भिंतीवरचा कोनमापक

सोमवार, ४ मार्च २०२४. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी पुढच्या खोलीच्या भिंतीवर आठवी आणि शेवटची चिकटपट्टी लावली, दोन पावले मागे सरकले आणि आपल्या कागदाकडे मान किंचित तिरकी करून पाहिले. कागद दारापेक्षा थोडासाच लहान होता. त्यावर एक मोठे अर्धवर्तुळ होते, त्याच्या मध्यबिंदूपासून दर पाच अंशांवर एक बारीक रेघ निघाली होती, आणि एकशेवीस अंशांची रेघ तेवढी तांबडी होती. उजव्या कोपऱ्यात पाच व्यायामांच्या पाच आकृत्या होत्या, प्रत्येकीखाली सुवाच्य अक्षरांत सूचना.

मास्तरांनी तंत्रशाळेत एकतीस वर्षे यंत्र-आरेखन शिकवले होते. मुले पाठीमागे त्यांना 'काटकोन' म्हणत, कारण वहीचा समाससुद्धा ते गुण्या लावून तपासत. हे नाव त्यांना ठाऊक होते आणि मनातून ते आवडतही होते.

कागद त्यांच्या पत्नीसाठी होता. त्यांना सगळे गिऱ्हाईक 'ताई' म्हणे. दोन खुर्च्यांचे एक लहानसे पार्लर त्या चालवत. जानेवारीत तिथल्याच ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले. हाड जुळले, पण तोवर सांधा आखडून बसला. हात समोरून वर नेला की सत्तर अंशांवर अडे, आणि पुढे दरवाजाला आतून कडी लावल्यासारखा हलेना.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "आठ आठवडे बघू. एकोणतीस एप्रिलला हात एकशेवीस अंशांपर्यंत गेला तर उत्तम. नाही गेला तर भूल देऊन सांधा जोरानं मोकळा करावा लागेल. तुमची हाडं ठिसूळ आहेत. त्यात पुन्हा मोडायचा धोका आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो."

केस कापायचे म्हणजे हात खांद्याच्या वर धरायचा, आणि तो दिवसभर धरायचा. पुन्हा मोडला तर पार्लर कायमचे बंद.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पाच व्यायाम नेमून दिले आणि विचारले, "माहिती कागदावर देऊ की मोबाइलवर?"

"कागदावर," मास्तर म्हणाले.

"मोबाइलवर," सून म्हणाली.

जिचा हात होता तिला कोणी विचारलेच नाही.

सून घरातच राहून संगणकावर काम करी आणि तिचा शब्द घरात चाले, त्यामुळे पहिले तीन दिवस मोबाइलचे झाले. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा करायचा. पडद्यावरची तरतरीत मुलगी हात वर करून दाखवी आणि गोड आवाजात आकडे मोजी. तिसऱ्या दिवशी मध्येच शेजारीण आली म्हणून ताई दाराशी गेल्या. इकडे पडद्यावरची मुलगी मोजतच राहिली आणि शेवटी टाळ्या वाजवून म्हणाली, "छान! खूपच छान! आज तुम्ही कमाल केलीत!"

"बघ," मास्तर सुनेला म्हणाले. "सासू दाराशी आणि शाबासकी टेबलाशी."

"आई, मग थांबवायचं ना ते!"

"कुठल्या हातानं गं?" ताई म्हणाल्या. "एक वर अडकलेला, दुसऱ्यात तुझी ती व्यायामाची काठी. नाकानं दाबू?"

"हा उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे," मास्तर म्हणाले. "कागद माणसासाठी थांबतो. आपण दमलो म्हणून तो पुढच्या धड्यावर पळून जात नाही."

"थांबतो, मान्य. पण तो बघतही नाही, बाबा."

"आणि तुझी ती पोरगी बघते?"

मास्तरांनी त्याच दुपारी फूटपट्टी घेतली, ताईंचा खांदा जमिनीपासून किती उंच आहे आणि हात खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत किती लांब आहे ते मोजले आणि आराखडा काढला. नकाशे छापणाऱ्या दुकानातून तो मोठा करून आणला. आता ताईंनी उजवी बाजू भिंतीकडे करून उभे राहायचे, खांदा मध्यबिंदूला लावायचा आणि हात समोरून वर न्यायचा. बोट ज्या रेघेवर थांबेल तो कोन. गणितात कुठे फट नव्हती.

"बाबा, हा घराचा नकाशा आहे की आईंचा?" सुनेने विचारले.

"घरात दुसरं काय आहे?" मास्तर म्हणाले, आणि ताई कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसल्या.

कागदाने काम चोख केले, असे मास्तरांचे मत झाले. ताई त्यांच्या चालीने एकेक व्यायाम करत. दम लागला की थांबत, आकृतीकडे पाहत, पुन्हा सुरू करत. शेवटी हात वर नेण्याची वेळ आली की मास्तर पेन्सिल घेऊन उभे राहत, बोटाच्या टोकापाशी डोळा नेत आणि कागदावर एक बिंदू काढत. बिंदू चढू लागले. ऐंशी ओलांडले, नव्वद ओलांडले. चौथा आठवडा संपत आला तेव्हा बिंदू एकशेचारवर होता. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला कागद दाखवू लागले. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा दोन मिनिटे कोनमापन ऐकावे लागले.

एवढे असूनही ताई वरच्या फळीवरचा डबा सुनेलाच काढायला सांगत. पार्लरमध्ये बसून त्या मदतनीस मुलीला नुसत्या सूचना देत. कात्री काही हातात घेत नसत. मास्तरांनी हे पाहिले होते. जपून वागते आहे, असा त्यांनी अर्थ लावला. अर्थ आपल्या सोयीचा असला की माणूस तो तपासत नाही, मग तो काटकोन का असेना.

रविवारी, मार्चच्या शेवटच्या दिवशी, फिजिओथेरपीच्या बाईंनी निरोप पाठवला की त्या गावाला गेल्या आहेत, तेव्हा हात वर नेतानाचा व्हिडिओ पाठवा. सुनेने खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून तो काढला आणि पाठवण्याआधी संगणकावर उघडला.

"थांब," मास्तर म्हणाले. "मला जरा मोजू दे."

"बाबा, भिंतीवर मोजलंय की!"

"एकदा मोजलेलं पुन्हा मोजावं."

त्यांनी चित्र थांबवले, आपला पारदर्शक कोनमापक पडद्यावर ठेवला आणि हाताची रेघ पाहिली. एकशेचार. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग कोनमापक उचलता उचलता त्यांचा हात थबकला. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या तासाला ते एक वाक्य सांगत आले होते: माप सांगण्याआधी ते कुठून घेतलं ते सांगा. त्यांनी स्वतः ते भिंतीच्या उभ्या रेघेपासून घेतले होते. हात मात्र भिंतीला जोडलेला नव्हता, ताईंना जोडलेला होता.

त्यांनी कोनमापक ताईंच्या पाठीच्या रेषेवर ठेवला. पाठ उभी नव्हतीच. कंबर पुढे, खांदे मागे. सैल गाऊनमध्ये जवळून हे दिसलेच नव्हते, आणि तसेही मास्तरांचे डोळे रोज बोटाच्या टोकाला चिकटलेले असत. कलण्याचा कोन बावीस भरला. एकशेचारातून बावीस गेले. मास्तरांनी ही वजाबाकी दोनदा केली, जणू दुसऱ्यांदा ती बदलणार होती.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. दिव्याखाली अंधार."

ताई स्वयंपाकघरात डाव्या हाताने चहा गाळत होत्या. मास्तर दारात उभे राहिले. बोलायला सुरुवात कशी करावी ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी आकडाच सांगितला.

"ब्याऐंशी."

ताईंनी गाळणे खाली ठेवले. "काय ब्याऐंशी?" असे त्यांनी विचारले नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"हात माझाच आहे ना."

"केव्हापासून?"

"दुसऱ्या आठवड्यात एक दिवस तो तिथल्या तिथेच राहिला. तुम्ही म्हणालात, 'असू दे, उद्या बघू.' पण पेन्सिल खिशात ठेवताना तुमचं तोंड बघितलं मी. दुसऱ्या दिवशी कंबर जराशी ढकलली. बिंदू चढला. तुम्ही लगेच सुनेला हाक मारलीत. मग काय, सवयच लागली."

"अगं पण एप्रिलअखेर डॉक्टर काय माझ्या पेन्सिलीनं मोजणार आहेत?"

"तेच घोकत होते मी. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुम्ही पेन्सिलीला टोक काढून तयार." ताईंनी कप पुढे सरकवला. "आणि आता चिडायचं असेल तर चहा घेऊन चिडा. गार होतोय."

मास्तर खाली बसले. ते चिडले नव्हते. त्यांना पडद्यावरची ती मुलगी आठवत होती. तिने न बघता शाबासकी दिली म्हणून आपण तिला किती नावे ठेवली! आपण मात्र रोज अगदी जवळ उभे राहून, डोळ्यांत तेल घालून बघत होतो, तरी वेगळे काय केले? तिच्या टाळ्यांनी निदान ताईंची कंबर तरी वाकली नव्हती.

सुनेने व्हिडिओ आणि सारी हकीकत एकदमच कळवली. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या बाईंचा फोन आला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"उभं राहून करणं आता बंद. पलंगावर पाठीवर झोपा, दोन्ही हातांत काठी धरा आणि डोक्याकडे न्या. पाठ टेकली की कंबरेला पळायला जागा राहत नाही. दिवस कमी आहेत, पण जमू शकतं. आणि मोजायचं आठवड्यातून एकदा, तेही मी मोजेन."

"म्हणजे मी मोजायचंच नाही?" मास्तरांनी विचारले.

"काका, तुम्ही मोजायला लागलात की त्या व्यायाम करत नाहीत. तुम्हाला खूश करतात."

सून तोंड फिरवून हसली. मास्तरांना वाटले, एकतीस वर्षांत इतका नेमका शेरा आपण कोणाच्या वहीवर लिहिला नसेल.

भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतः उतरवला. पण सवय सुटते कुठे? झोपलेल्या माणसाला भिंत दिसत नाही, असे म्हणून त्यांनी नवी आकृती काढली, अंश वगळून, आणि शिडी लावून ती पलंगाच्या वर छताला चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाचव्या श्वासाला ती सुटली आणि थेट ताईंच्या तोंडावर आली.

कागदाखालून आवाज आला, "अहो, कागद थांबतो म्हणाला होतात. पडतो हे कुठे सांगितलंत?"

"आई, हलू नका, फोटो काढते!" सून दारातून ओरडली.

त्यानंतर आकृती पुन्हा वर गेली नाही. ताईंना पाचही व्यायाम एव्हाना पाठ झालेच होते. कागदाचे जे काम होते ते त्याने खरोखर केले होते. सुनेने मोबाइलमधल्या मुलीचा आवाज बंद केला. फोन आता स्टुलावर आडवा ठेवलेला असे आणि रविवारी फक्त व्हिडिओ काढण्यापुरता उघडला जाई. मास्तरांकडे एकच काम उरले होते. पलंगाच्या कडेला बसायचे आणि आपला तळवा ताईंच्या कंबरेखाली, गादीवर सपाट ठेवायचा. काठी वर जाताना तळव्यावरचा भार हलका झाला की म्हणायचे, "पळाली." मग ताई हात थोडा खाली आणत, कंबर टेकवत आणि पुन्हा जोर लावत.

हे काम कोनमापकापेक्षा अवघड निघाले. तळव्याला रेघा नव्हत्या. पहिले काही दिवस मास्तरांना नुसती गादी कळे. मग हळूहळू भार कळू लागला, मग भार जायच्या आधी स्नायूत होणारी बारीक हालचाल, आणि मग दुखते कुठे आहे तेही. ताई तोंडाने काही बोलायच्या आत ते "बस" म्हणू लागले.

"आता कसं कळतं तुम्हाला?" ताईंनी एकदा विचारले.

"बघत नाही ना, म्हणून."

काही दिवस हात पुढे सरकला, काही दिवस नाही. एकदा तर सलग चार दिवस तो जागचा हलला नाही. ताई काठी छातीवर ठेवून म्हणाल्या, "आज नाही जात."

"बरं," मास्तर म्हणाले. एवढा एक शब्द पुढे काही न जोडता म्हणायला ते शिकले होते. त्यांनी आपला चेहरा कसा आहे तेही तपासून पाहिले. ताईंनीही तो पाहिला, आणि डोळे मिटून काठी पुन्हा उचलली.

एकोणतीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी ताईंना तपासणीच्या उंच पलंगावर झोपवले. सून पायाशी उभी राहिली. मास्तर पलंगाभोवतीच्या कापडी पडद्याजवळ उभे होते. त्यांचे हात मागे बांधलेले होते आणि नजर खिडकीबाहेर. डॉक्टरांनी दोन पात्यांचा धातूचा कोनमापक काढला, एक पाते ताईंच्या बरगडीच्या बाजूने धरले आणि म्हणाले, "चला, न्या वर. जाईल तितका."

हात निघाला. मध्ये एका जागी तो अडला; ताईंनी श्वास सोडला, अडलेल्या जागेत क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

"डॉक्टर," खिडकीकडेच बघत मास्तर म्हणाले, "कंबर टेकलेली आहे ना?"

डॉक्टरांनी वाकून पाहिले, ताईंच्या पाठीखाली बोट सरकवायचा प्रयत्न केला; बोट शिरले नाही.

"टेकलेली आहे."

"मग आता वाचा."

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि दुसरे पाते दंडाच्या रेषेला लावले.

"एकशे तेवीस अंश."